तीन डोस घेऊनही सासूबाईंना कोविड झाला, मग लस फुकट गेली का?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव देत नाही. घर द्राक्षबागायतदारांचं, एकत्र. सासूबाई ७२ वर्षांच्या, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. त्यांनी २०२१ मध्ये कोविशील्डचे दोन डोस घेतले, २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिसरा. सासरे ७६ वर्षांचे, बायपास झालेली, त्यांचे दोनच डोस झाले. धाकट्या दिरांनी एकही घेतलेला नाही. मे महिन्यात एका लग्नाहून आल्यावर चौथ्या दिवशी सासूबाईंना ताप आला आणि घरी केलेली टेस्ट पॉझिटिव्ह निघाली. तीन दिवस ताप, आठवडाभर खोकला. दीर त्याच घरात होते, त्यांना काही झालं नाही. तेव्हापासून ते जेवायला बसले की म्हणतात, “तीन-तीन डोस घेतलेल्या आईला झाला आणि मला नाही. कुठं गेली तुमची लस?”

ताईंचे प्रश्न असे: लस वाया गेली का? नव्या व्हेरियंटवर जुनी लस चालतच नाही, हे खरं का? सासऱ्यांना आता डोस द्यावा का, की आधी अँटीबॉडी तपासून बघाव्यात? नणंदेला सातवा महिना आहे, ती पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येणार आहे. कपाटात २०२१ सालच्या स्टिरॉइडच्या गोळ्या शिल्लक आहेत, त्या लागल्या तर द्याव्यात का? आणि शेवटी एक ओळ: “सासूबाईंना केंद्रावर मीच हट्टाने नेलं होतं. आता सगळे माझ्याकडे बघतात.”

ताई,

पत्रात तुम्ही एक वाक्य ओझरतं लिहून पुढे गेलात: ‘ऑक्सिजन ९५ च्या खाली आला नाही, दवाखान्यात ठेवावं लागलं नाही.’ माझ्या लेखी अख्ख्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे. सत्तरी ओलांडलेल्या, साखर आणि बीपी असलेल्या बाईला २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोविड झाला असता, तर घरातला पहिला प्रश्न ‘मिरजेत बेड मिळेल का’ हा असता. या वेळी तुमच्या घरातला प्रश्न होता ‘खोकला कधी थांबेल’. दिरांचा हिशेब ‘झाला की नाही’ या एकाच रकान्यात संपतो. लशीचं खरं काम त्याच्या शेजारच्या रकान्यात दिसतं: झाल्यावर कुठपर्यंत गेला.

आता हे असं का होतं ते जरा नीट बघू, कारण हे कळलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

विषाणू शिरतो नाकातून. लस दिली दंडात. तिच्यामुळे तयार झालेल्या अँटीबॉडी मुख्यतः रक्तात फिरतात. नाकाच्या ओल्या अस्तरावर त्यांचा पहारा पातळच असतो. डोसानंतरचे पहिले दोन-तीन महिने रक्तातच त्यांचं प्रमाण इतकं असतं की काही तिथवर झिरपतात. तेवढ्या काळात लस लागणही बऱ्यापैकी अडवते. पुढे त्या ओसरत जातात. यात बिघाड काही नाही, शरीराची ती रीतच आहे. मागे राहतात त्या दोन प्रकारच्या पेशी. एक, स्मृती जपणाऱ्या बी पेशी. शत्रू पुन्हा दिसला की त्या नव्याने अँटीबॉडी बनवायला घेतात. दुसऱ्या टी पेशी. लागण झालेली पेशी शोधून त्या तिला संपवतात.

व्हेरियंटचा प्रश्न इथेच येतो. कोविशील्डने शरीराला ओळख करून दिली ती विषाणूच्या अंगावरच्या काट्याची, स्पाइक प्रथिनाची, आणि तीही २०२० सालच्या काट्याची. हा काटा १,२७३ अमिनो आम्लांच्या साखळीचा असतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ओमिक्रॉनमध्ये त्यातल्या तीसहून जास्त जागा बदललेल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच नेमक्या त्या टोकाला जिथून विषाणू आपल्या पेशीला पकडतो. अँटीबॉडी काट्याचा बाहेरचा आकार ओळखते. आकार बदलला की तिची पकड निसटते. टी पेशींचं तसं नसतं. त्या काट्याचे बारीक बारीक तुकडे ओळखतात, आणि असे बहुतेक तुकडे बदललेलेच नव्हते. केपटाऊनमधल्या शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा जुन्या लशीने शिकवलेल्या टी पेशींचा प्रतिसाद ओमिक्रॉनविरुद्धही ७० ते ८० टक्के टिकून होता. जेएन.१, एलएफ.७, एनबी.१.८.१ ही बातम्यांत आलेली नावं ओमिक्रॉनच्याच कुळातली आहेत. त्यांचे बदलही बाहेरच्या आकाराला जास्त झोंबतात, आतल्या तुकड्यांना कमी.

यात आणखी एक शर्यत आहे, वेळेची. सुरुवातीच्या विषाणूला लागण होऊन लक्षणं दिसेपर्यंत पाचेक दिवस लागत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेतल्या डेल्टाला साधारण साडेचार, ओमिक्रॉनला साडेतीनच्या आत. स्मृतिपेशींना जागं होऊन कामाला लागायला चार-पाच दिवस लागतात. म्हणजे ताप आणि घसा ही पहिली फेरी विषाणू जिंकतो, कारण तो आता फार घाईने येतो. फुप्फुसापर्यंतची दुसरी फेरी मात्र पुढच्या आठवड्यात असते. तोवर शरीर तयार झालेलं असतं. तुमच्या सासूबाईंचे तीन दिवस तापाचे आणि नंतरचा नुसता खोकला, हे चित्र याच्याशी नीट जुळतं.

आकडेही हेच सांगतात. दुसऱ्या लाटेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्याच कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला, त्यातले बहुतेक कोविशील्ड घेतलेले. दोन डोसांनी लागण ६५ टक्क्यांनी कमी झाली, दवाखान्यात भरती व्हायची वेळ ७७ टक्क्यांनी, ऑक्सिजनची गरज ९२ टक्क्यांनी आणि आयसीयू ९४ टक्क्यांनी. दुखणं जितकं गंभीर, तितकं लशीचं संरक्षण जास्त. ब्रिटनमध्ये डेल्टाच्या काळात याच लशीचा एक डोस लक्षणं असलेल्या लागणीविरुद्ध ३० टक्के आणि दोन डोस ६७ टक्के उपयोगी पडत होते. ओमिक्रॉन आल्यावर तिथेच दिसलं की दोन डोसांना पाच-सहा महिने झालेल्यांत लागण अडवण्याची ताकद जवळपास उरलेली नव्हती.

तेव्हा तुमच्या दिरांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि ते तुम्ही त्यांच्यासमोर मोकळेपणाने मान्य करावं असं मला वाटतं. तीन वर्षांपूर्वीचा डोस आज ओमिक्रॉन-कुळातली लागण अडवेल ही अपेक्षाच चुकीची. २०२१ मध्ये ‘लस घ्या, कोविड टाळा’ असं सरसकट सांगितलं गेलं, त्यामुळे लोकांच्या मनात लस म्हणजे कुंपण असं बसलं. तो दोष सांगणाऱ्यांचा, ऐकणाऱ्यांचा नाही.

त्यांना त्यांच्याच बागेतलं उदाहरण द्या. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणीसाठी, म्हणजे वेलीवरच्या बुरशीसारख्या रोगासाठी, फवारणी होते. फवारलेल्या पानावर औषध बसतं, पण फवारणीनंतर फुटलेलं कोवळं पान उघडंच असतं, आणि पाऊस झाला तर बसलेलं औषधही धुऊन जातं. एखादं औषध चार हंगाम मारलं की डावणी त्याला दाद देईनाशी होते. फवारलेल्या बागेत चार डाग दिसले म्हणून तासगावात कुणी फवारणी सोडून देत नाही; घड वाचले का ते बघतात. एवढंच आहे की लस औषधापेक्षा एक पाऊल पुढे जाते. झाड स्वतः काही शिकत नाही, शरीर शिकतं.

आता त्यांच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ: ‘मला बिनडोसाच्याला झाला नाही.’ हे त्यांना कसं माहीत? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, चौथ्या राष्ट्रीय सेरो सर्वेक्षणात, २०२१ च्या जून-जुलैमध्ये, देशातल्या ७० जिल्ह्यांत लोकांचं रक्त तपासलं गेलं. त्यात सांगली जिल्हाही होता. एकही डोस न घेतलेल्यांपैकी ६२ टक्क्यांहून जास्त लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या. लस नाही आणि तरी अँटीबॉडी, म्हणजे लागण होऊन गेलेली, आणि बहुतेकांना पत्ताही लागलेला नव्हता. त्यानंतर ओमिक्रॉनच्या लाटा आल्या. दिरांच्या शरीराला या विषाणूची ओळख नाही ही शक्यता आज फार कमी आहे. ओळख त्यांनाही झाली आहे. फक्त सासूबाईंना ती दंडातल्या सुईने झाली आणि त्यांना खुद्द दुखण्याने. त्यांचं वय कमी होतं म्हणून ते निभावलं. त्यात आताच्या वेळी त्यांनी टेस्ट केली होती का? नाक जरा वाहिलं, दोन दिवस अंग दुखलं, बागेतल्या कामावर ढकललं, असंही झालेलं असू शकतं.

एका घरातली दोन माणसं बघून लशीचा निकाल लावता येत नाही. आणि दवाखान्यातली गर्दी बघूनही लावता येत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारा ‘भरती झालेल्यांत निम्म्याहून जास्त लस घेतलेलेच’ हा दावा काही वेळा आकड्याने खराही असतो. मानून चला, एका गावात साठीपुढची १,००० माणसं आहेत. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. न घेतलेल्या शंभरातले १० दवाखान्यात गेले. लस घेतलेल्यांत तेच प्रमाण शंभराला २, म्हणजे ९०० मध्ये १८. दवाखान्यात २८ माणसं, त्यातली १८ लसवाली. बघणारा म्हणेल लस कुचकामी, आणि प्रत्यक्षात तिने धोका पाचपटीने कमी केलेला असतो. २०२१ च्या जुलैत अमेरिकेतल्या बार्नस्टेबल काउंटीत ४६९ जणांना लागण झाली, त्यातले ७४ टक्के पूर्ण लस घेतलेले होते. बातमी जगभर गेली. भरती झाले फक्त पाच, मृत्यू एकही नाही, हा भाग तेवढा पोचला नाही. त्या प्रसंगाने एक गोष्ट मात्र खरीच शिकवली: लस घेतलेला माणूसही लागण दुसऱ्याला देऊ शकतो. ती नणंदेसाठी लक्षात ठेवायची आहे, पुढे सांगतो.

‘ओमिक्रॉन मुळात सौम्यच आहे, लशीचं त्यात काय’ हा प्रश्नही येईल, आणि तो रास्त आहे. ओमिक्रॉन फुप्फुसात खोलवर डेल्टाइतका वाढत नाही, हे खरं. पण २०२२ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये हाच ओमिक्रॉन अशा ज्येष्ठांत शिरला ज्यांतल्या अनेकांनी लस घेतली नव्हती, आणि आधीची लागणही तिथे फारशी झालेली नव्हती. तीन महिन्यांच्या आत साडेपाच हजारांहून जास्त ज्येष्ठ गेले. साठीपुढच्या मृतांपैकी सुमारे ७० टक्के जणांचा एकही डोस झालेला नव्हता. अनोळखी म्हाताऱ्या शरीराला ओमिक्रॉन सौम्य नव्हता.

म्हणून ताई, तुम्ही हट्टाने सासूबाईंना केंद्रावर नेलंत ते योग्य केलंत. त्या दिवशी उन्हात रांगेत उभं राहून जे मिळवलं, तेच त्यांना या मेमध्ये उपयोगी पडलं. घरचे तुमच्याकडे बघत असतील तर त्यांना दवाखान्याचं बिल नसलेली ही आजारपणाची फाइल दाखवा.

आता पुढचं.

सासूबाईंना लगेच डोस नको. लागण होऊन गेली की शरीराला ताजा धडा मिळालेला असतो. आपल्याकडचा नियम बरं झाल्यावर तीन महिने थांबायचा आहे, तेवढे थांबाच. लस आणि लागण दोन्ही मिळून येणारी प्रतिकारशक्ती नुसत्या एकीपेक्षा जास्त टिकाऊ असते. सध्या त्यांच्याकडे ती आहे.

तुमची काळजी खरी असायला हवी ती सासऱ्यांची. ७६ वय, बायपास, दोनच डोस आणि त्यांनाही चार वर्षं होत आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्चमध्ये प्राधान्यक्रम नव्याने लावला, त्यात वयोवृद्ध, हृदयविकार-मधुमेहासारखे आजार असलेले आणि गरोदर बायका यांना वरच्या गटात ठेवलं. ज्येष्ठांना शेवटच्या डोसानंतर ६ ते १२ महिन्यांनी आणखी एक. धडधाकट तरुणांना पुन्हा पुन्हा डोस देण्याचा आग्रह त्यात नाही. सासरे सगळ्या बाजूंनी वरच्या गटात बसतात.

कोणता डोस? ओमिक्रॉनसाठी बदललेला मिळाला तर तो बरा. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने तशी एमआरएनए लस २०२३ च्या जूनमध्ये आणली होती. ती नसेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारून जी उपलब्ध असेल ती. लस हल्ली बहुतेक केंद्रांवर मिळत नाही, तेव्हा आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आशाताईंना किंवा सांगलीच्या सिव्हिलला फोन करा, मगच म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवा. एका कुपीत बऱ्याचदा अनेक डोस असतात आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं माणसं जमवून एखादा वार ठरवतात. तो वार विचारून घ्या.

बायपासनंतर ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असणार. त्या डोसासाठी बंद करायच्या नाहीत. सुई टोचणाऱ्या ताईंना आधी सांगायचं, बारीक सुई मागायची, आणि सुई काढल्यावर कापसाचा बोळा न चोळता पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचा. चोळलं की दंडात काळंनिळं साकळतं आणि मग ‘लशीने हात सुजला’ असं होतं. अर्धा तास केंद्रावरच बसवा. रात्री ताप आला तर पॅरासिटामॉल पुरतं. छातीत दुखलं, धाप लागली तर मात्र ‘लशीचं असेल’ म्हणून घरी थांबू नका.

कोविशील्डमुळे रक्तात गुठळ्या होतात, ही २०२४ मधली बातमी दिरांनी काढली असेल तर तिचंही सांगतो तसं सांगा: तो दुष्परिणाम खरा आहे. युरोपात त्याची नोंद लाखात एक-दोन अशी झाली, बहुतेक पहिल्या डोसानंतर आणि महिन्या-सव्वा महिन्याच्या आत. २०२१ मध्ये डोस घेतलेल्याने आज त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

कोविडचा डोस मिळायला वेळ लागत असेल तर तोवर सासरे आणि सासूबाई दोघांनाही फ्लूची लस आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची) लस देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात वाढतो आणि हृदयविकाराच्या माणसाला फ्लूही तितकाच महागात पडतो. या दोन लशी बाजारात नेहमी मिळतात.

अँटीबॉडीची टेस्ट करू नका. आकडा आला तर त्याचं करायचं काय? ‘इतक्या अँटीबॉडी म्हणजे सुरक्षित’ अशी कुठलीही ठरलेली रेघ नाही. शिवाय ती टेस्ट जुन्या काट्याविरुद्धच्या अँटीबॉडी मोजते, नव्या व्हेरियंटला त्या किती पकडतील ते सांगत नाही, आणि टी पेशी तर मोजतच नाही. त्या पैशांत घरात दोन चांगल्या वस्तू येतात: टेस्टचे चार किट आणि एक ऑक्सिमीटर.

किटबद्दल थोडं सविस्तर, कारण गडबड इथेच होते. घरी करायची रॅपिड अँटिजेन टेस्ट बहुधा विषाणूच्या आतल्या एन प्रथिनाला पकडते, काट्याला नाही. त्यामुळे काटा बदलला तरी ती चालते, आणि लस घेतल्याने ती पॉझिटिव्ह येत नाही. किट २ ते ३० अंशांत ठेवायचं असतं. तासगावच्या मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेलं किट बिघडलेलं समजा. मधल्या घरात, थंड जागी ठेवा. करताना आधी नाक शिंकरून हात धुवायचे. स्वॅब नाकात दोन ते चार सेंटिमीटर सरकवायचा आणि आतल्या भिंतीला टेकवून पाच वेळा फिरवायचा, दोन्ही नाकपुड्यांत. नुसता नाकाच्या तोंडाशी फिरवला तर निगेटिव्ह येणारच. मग स्वॅब नळीतल्या द्रावणात चांगला घोळून, पिळून, झाकणातून दोन थेंब पट्टीवर टाकायचे. तीन-चार थेंब टाकले की पट्टी माखते आणि रेघा वाचता येत नाहीत. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावा. वीस मिनिटांनंतर उगवलेली रेघ धरायची नाही. ‘सी’ची रेघ नसेल तर पट्टीच खराब. ‘टी’ची रेघ कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्ह. थेंबांची आणि मिनिटांची संख्या कंपनीगणिक थोडी बदलते, तेव्हा आतला कागद एकदा वाचाच. लक्षणं आहेत आणि टेस्ट निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी दुसरी करा. लस घेतलेल्या माणसात लक्षणं विषाणू वाढायच्या जरा आधीच सुरू होऊ शकतात, त्यामुळे पहिल्या दिवसाची टेस्ट बऱ्याचदा फसवते.

ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं. बोट गार असेल, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा उगाच कमी दिसतो. पाच मिनिटं बसवून, हात छातीच्या पातळीला ठेवून, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबून वाचा आणि वहीत वेळेसह लिहा. ९४ च्या खाली राहिला की डॉक्टर; ९० च्या खाली आला तर वाट न बघता १०८. बसून ९६ दिसत असला तरी घरातल्या घरात सहा मिनिटं चालवून पुन्हा बघायचं. सासऱ्यांसारख्यांना तीनच मिनिटं, आणि कुणीतरी सोबत. तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला तर दाखवायला न्या. श्वासही मोजा, पण ‘मोजते’ असं सांगून नाही. माणूस झोपलेला असताना पोटाचं वर-खाली होणं पूर्ण साठ सेकंद मोजायचं. चोवीस किंवा त्याहून जास्त असेल तर आकडा चांगला असूनही डॉक्टरांकडे जायचं.

कपाटातलं स्टिरॉइडचं पाकीट आजच काढून टाका. यावर मी कठोर आहे. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने जीव वाचले ते ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांचे, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही, उलट नुकसानीकडे कल होता. सौम्य कोविडमध्ये पहिल्या दिवसापासून स्टिरॉइड दिलं की शरीराची लढाईच दबते आणि मधुमेह्याची साखर ३००-४०० वर जाते. २०२१ मध्ये म्युकर, लोक ज्याला काळी बुरशी म्हणत होते, तो असंख्य घरांत याच वाटेने आला. अॅझिथ्रोमायसिन आणि आयव्हरमेक्टिनचा कोविडमध्ये उपयोग चाचण्यांत दिसलेला नाही, त्यांच्या जुन्या पट्ट्याही काढा.

उपयोगी औषध आहे ते वेगळं, आणि त्याला वेळेचं बंधन आहे. निर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर ही गोळ्यांची जोडी लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत, डॉक्टरांच्या चिठ्ठीने सुरू करायची असते. रिटोनाव्हिरचं कोलेस्टेरॉलच्या, बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या अनेक गोळ्यांशी पटत नाही. सासऱ्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. आजच एका कागदावर दोघांच्या सगळ्या गोळ्यांची नावं, मात्रा आणि वेळा लिहून त्याचा फोटो तुमच्या आणि दिरांच्या मोबाइलमध्ये ठेवा. तापाच्या रात्री पिशवीतली पाकिटं चाळत बसायला वेळ नसतो.

राहिली नणंदबाईंची गोष्ट. आपल्याकडे गरोदर बायकांना लस द्यायची परवानगी २०२१ च्या २ जुलैपासून आहे. आईच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने त्याला आधार देतात. तान्ह्या बाळाला स्वतःचा डोस नसतो. त्यांचे किती डोस झाले, कधी झाले, कोविड कधी झाला होता, हे विचारून त्यांच्या डॉक्टरांपुढे ठेवा. निर्णय तिथे होऊ दे, पण त्या येण्याआधी.

त्या घरी आल्यावर तुमच्या हातात जे आहे ते लशीपेक्षाही साधं आहे. बाळंतिणीची खोली बंद-बंद, उबदार ठेवायची आपली जुनी सवय. बाळाच्या अंगावर थेट वारा नको हे बरोबर, पण खोलीची एक खिडकी वरच्या बाजूने उघडी असू दे आणि समोरचं दारही अधूनमधून उघडा. बाळ बघायला येणाऱ्यांपैकी ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने उंबऱ्याबाहेरून बघायचं, मग तो लस घेतलेला असो वा नसो. घरात कुणी पॉझिटिव्ह आलं तर पाच दिवस वेगळी खोली, आणि दहाव्या दिवसापर्यंत सासरे, नणंद, बाळ यांच्याजवळ जाताना एन-९५ मास्क. मास्कची नाकावरची पट्टी दाबून बसवा, नाहीतर चष्म्यावर वाफ येते आणि ती ज्या फटीतून येते तिथूनच विषाणूही जातो. आजारी माणसाच्या खोलीत टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून लावला तर आतली हवा बाहेर फेकली जाते. माजघराच्या दिशेने लावू नका. नणंद स्वतः पॉझिटिव्ह आली तरी दूध तोडायचं नाही. हात धुऊन, मास्क लावून पाजायचं.

आणि दीर. जेवताना सगळ्यांसमोर त्यांच्याशी वाद घालू नका. ताटावर बसलेला माणूस हरायला तयार नसतो. त्यांनी लस घ्यावी म्हणून आता जोर लावण्याचीही गरज मला दिसत नाही. त्यांचं वय आणि तब्येत बघता तो प्रश्न मागचा आहे. त्यांच्याकडून दुसरं काहीतरी मागा. सासऱ्यांच्या केंद्रावरच्या दिवशी गाडी त्यांनी काढावी. घसा खवखवला तर भाचराला उचलण्याआधी त्यांनी किट वापरावं, ते कसं वापरायचं हे तुम्ही त्यांना एकदा करून दाखवा. वहीत आईचे मेमधले आकडे आहेतच, ९५, ९६, ९५, ९७. ते पान त्यांच्यासमोर ठेवा आणि काही बोलू नका.